म्हाताऱ्या उंदरांचे वेगळे पिंजरे

ओपोहो, डनेडिन
जून, गारठ्याचे दिवस

प्रिय बेरिल,

थोरली म्हणून आशीर्वाद द्यायला हवेत, पण माझे आशीर्वाद हुकमासारखे वाटतात असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून नुसतीच खुशाली विचारते. गुडघा कसा आहे? ओमारूला सकाळी पायरीवर बर्फ धरत असेल तर मीठ टाकल्याशिवाय उतरू नकोस. (हा हुकूम आहे.) माझी तब्येत उत्तम. तक्रार ऐकायला कोणी नसलं की तब्येत आपोआप उत्तम राहते.

महिनाअखेर मी निवृत्त होते. विद्यापीठाच्या उंदीरघरात हयात गेली. आता दिवसभर बोलायचं कोणाशी, हे अजून ठरलेलं नाही. उंदरांशी बोलण्याचा निदान पगार मिळत होता. आणि जाता जाता माझ्या हातून केलेपींचं सगळं काम मोडलं, तेच सांगायला हे पत्र.

केलेपी म्हणजे आमचे डॉक्टर, टोंगाचे. एवढे थोराड की हातात उंदीर धरला की उंदीर दिसेनासा होतो. म्हातारपणी शरीरातल्या पहारेकरी पेशी चिडखोर का होतात, हा त्यांचा विषय. (खरा चोर आला तर झोपलेल्या, आणि वाऱ्याने पान हललं तर आरडाओरडा. आमच्या शेजारच्या बाई तशाच.) केलेपींचं म्हणणं, दोष एका रिसेप्टरचा. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरची कडी समज. पोटातून भुकेचा निरोप रक्तातून येतो, तो या कडीला अडकतो, आणि म्हातारी पेशी भडकते. म्हणून त्यांनी जन्मतःच ही कडी नसलेले उंदीर वाढवले. ते म्हातारे झाले, पण पेशी शांत, जखमा चटकन भरतात, आजार दिला तरी उठून बसतात. कडीवाले साधे उंदीर मात्र आतून नुसते धुमसत होते. केलेपी इतके खूश की बायकोने तळलेले केके, म्हणजे त्यांच्याकडचे पिठाचे गोड गोळे, डबाभर घेऊन आले. सिडनीच्या परिषदेत हे वाचायचं ठरलं होतं.

मी केके खाल्ले आणि मग तोंड उघडलं. (खाण्याआधी उघडायला हवं होतं, पण गरम होते.)

"केलेपी, तुमचे हे शांत म्हातारे राहतात कुठे?"

"पिंजऱ्यात, लॉर्नाबाई. हॉटेलात ठेवू का?"

"एका पिंजऱ्यात किती जण?"

त्यांचं चावणं थांबलं.

बेरिल, आमच्याकडे रीत अशी, की नर भाऊ-भाऊ एकत्र वाढवायचे, आणि एकाने दुसऱ्याला चावलं की त्याच दिवशी वेगळे करायचे. एकदा वेगळा केलेला नर परत भावांत घालत नाहीत. मारामारीत जीव जातो. कडीवाले तापट, ते चावले, मी ते वेगळे केले. (मी एकही चावा कधी माफ केला नाही, तुला ठाऊक आहे.) कडी नसलेले भांडलेच नाहीत, म्हणून ते अजून ढीग करून एकमेकांच्या अंगावर झोपतात. म्हणजे केलेपी तुलना करत होते ढिगातल्यांची आणि एकलकोंड्यांची. म्हाताऱ्यांना कडी नसल्याने तारलं की भावाच्या ऊबदार पाठीने, हे सांगणार कोण?

"म्हणजे सगळं पाण्यात?"

"पाण्यात कशाला? पुन्हा करा. कडी नसलेले काही एकेकटे ठेवून बघा."

"बिचाऱ्यांना उगीच एकटं ठेवायचं?"

"त्यांनाही कळू दे," मी म्हटलं.

त्यांनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मग विचारलं, "लॉर्नाबाई, निवृत्तीनंतर तुमचं काय?" मी त्यांना डबा धुऊन ठेवायला सांगितलं.

सिडनी रद्द झालं. पिल्लांपासून सुरुवात, ती म्हातारी होईपर्यंत मी तिथे नसणार. केलेपी रागावले नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी प्रत्येक एकट्याच्या पिंजऱ्यात घरट्यासाठी जास्तीचा कागद घालून गेले. तो मी आधीच घातला होता. एवढ्या कागदात एक म्हातारा दिसेना, गेला बिचारा म्हणून मी हात घातला, तर कडकडून चावला. हातमोजा फाटला, बोटातून रक्त आलं. खरं सांगते, वाईट वाटलं नाही. कोणीतरी दखल घेतली.

आई गेल्यावर आपण एक हिवाळा एकत्र काढला, आणि रात्री खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून वेगळ्या झालो. चावा कोणीच घेतला नव्हता. हे आपलं सहज आठवलं. उत्तराची घाई नाही.

तुझी थोरली बहीण,
लॉर्ना

ता. क. गुडघ्याला गरम पिशवी लाव, मलम फुकट जातं.

दुसरा ता. क. माद्यांचा नियम वेगळा, तो वर राहून गेला. म्हाताऱ्या माद्या पुन्हा एकत्र ठेवता येतात. फक्त पिंजरा हिचाही नको, तिचाही नको. धुतलेला, कोणाचाच वास नसलेला हवा. आणि आतल्या आडोशाला दोन तोंडं हवीत, म्हणजे कंटाळा आला की कोणीही बाहेर पडू शकते. करिटाने नावाच्या गावात समुद्राजवळ एक घर जुलैपासून रिकामं आहे. मी बघून आले. पुढे एक दार आहे, मागे एक.

तिसरा ता. क. वरचं फक्त माहितीसाठी. घरमालकिणीने विचारलं, राहणार किती जणी, तेव्हा मी दोघी म्हणून सांगून बसले आहे.