चिरगावचे कच्चे शेंगदाणे

प्रिय सरला,

तुझं पत्र पोचलं. बकुळला संशोधनासाठी कायमची तुझ्याकडे पुण्याला पाठव म्हणतेस. इथे झाशीत तिचं काय होणार, हेही विचारतेस. बकुळही रोज तेच विचारते. दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याकडे राहून आल्यापासून घरात दुसऱ्या कुणाचं नाव निघत नाही. मावशी अशी बसते, मावशी चहात साखर घालत नाही. तुझे भावजी रेल्वेच्या ऑफिसातून दमून येतात आणि चहाबरोबर त्यांना तुझ्या प्रयोगशाळेतलं कातडीवरचं व्याख्यान मिळतं. मला मात्र आग लागते, सरला. तू जन्मलीस आणि आईच्या कुशीतली माझी जागा गेली. आता माझ्या कुशीतलंही तुलाच हवं.

तरी ऐकते हो मी सगळं. कातडीच्या तळाशी पेशी जन्मतात, सरकत सरकत वर येतात, वाढतात, आणि शेवटी झडून जातात. या वाटेवर त्यांच्या अंगावरचे साखरेचे कण बदलत जातात. शेंगदाण्यात म्हणे असं एक प्रथिन असतं, ते तळच्या कोवळ्या पेशींना विचारत नाही, वर आलेल्यांना मात्र नेमकं जाऊन चिकटतं. मी विचारलं, वर गेलेली पेशी परत खाली येते का गं? नाही म्हणाली आणि हसली. तिला वाटलं, मला काही कळलं नाही.

आपण दोघी दतिया गेटच्या बाजारात हिंदी बोलायचो आणि उंबऱ्याच्या आत मराठी, आठवतं? बकुळला मी जन्मभर मराठीत विचारलं आणि तिने हिंदीत उत्तर दिलं. ‘मम्मी, भूख लगी है.’ किती रागावले, अबोला धरला, पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्याकडून आली ती मात्र ‘आई, मी जेवून घेऊ का?’ म्हणत. शेजारच्या अनुसूयाबाई म्हणाल्या, पोरगी सुधारली हो. मी हसले, आणि आत जाऊन पोळी करपवली.

मग तो शेंगदाण्यांचा घोळ. तुला प्रयोगशाळेसाठी चिरगावचे शेंगदाणे हवे होते, कच्चे. यांच्या ऑफिसातले केशवराव पुण्याला निघाले होते, त्यांच्याबरोबर द्यायचं ठरलं. आपल्या घरातून प्रवासाच्या डब्यात कच्चं कधी काही गेलंय का? मी सवयीने वाळूत खरपूस भाजले, मीठ लावलं, डबा भरला. वासावरून बकुळच्या लक्षात आलं. भाजल्यावर ते प्रथिन मरतं म्हणे. म्हणाली, तू मुद्दाम केलंस, तुला मावशीचं काहीच बघवत नाही. अगदी शुद्ध मराठीत म्हणाली. मुद्दाम नव्हतं केलं, आईची शपथ. पण तिचा उतरलेला चेहरा पाहून वाईटही वाटलं नाही, हे तुलाच सांगते. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच. संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन बसते आणि मी खाली उगीच भांडी वाजवते.

काल हे बसने चिरगावला जाऊन दुसरे शेंगदाणे घेऊन आले. कच्चे आहेत, मी हातसुद्धा लावलेला नाही. ते घेऊन बकुळच येईल. तिला अजून सांगितलं नाही, आधी तुला लिहिते आहे. भाजलेलेही देते, ते तुझ्यासाठी. लहानपणी माझ्या वाट्याचेही तूच खायचीस. तिला तुझं सगळं शास्त्र शिकव, चहाही तुझ्यासारखा पिऊ दे. माझी जळफळ चालूच राहील, त्याची काळजी करू नकोस. एकाच गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले. कधी ताप आला, काही दुखलंखुपलं, तर तिच्या तोंडून ‘मम्मी’ निघेल. तेवढं दुरुस्त करू नकोस, सरला. तेवढं माझं राहू दे.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
प्रमोदिनीताई