खाणीची पाळी सुटत नाही

१२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. सूनबाईला आणि ठकीला वाटून उरले तर स्वतः घे.

तुम्ही केलेल्या गेमचा, तू पाठवलेला डबा पोचला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बसड्रायव्हरांनी वायरी जोडून दिल्या आणि त्याची मजुरी म्हणून तासभर स्वतःच घोडा पळवला. जाताना म्हणाले, रस्ते बरे आहेत, पण एकही सिग्नल नाही. मी पाटीवर लिहून आभार मानले. घशाच्या ऑपरेशनला चार महिने झाले तरी आतून येते ती फाटक्या भात्यातली हवा. तीस वर्षं कारखान्यांच्या गेटवर कर्ण्याशिवाय सभा घेतल्या, आणि आता दूधवाल्याला अर्धा लिटर सांगायलाही खडू लागतो. त्यामुळे फोनवर माझा काही उपयोग नाही, आणि अंगठ्याने मोबाइलवर खाजवणं म्हणजे लिहिणं असं मी मानत नाही. म्हणून हे पत्र. तूही हातानेच लिही. तेवढीच तुझ्या डोळ्यांना स्क्रीनपासून सुटका.

तू मत विचारलंस, तर सांगते. मग तोंड पाडून बसायचं नाही.

अफाट जग, हवं तिथे जा, हवं ते कर, असं डब्यावर छापलंय. नकाशा उघडला तर त्याला गोवर आलेला. जिकडेतिकडे पिवळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर एक काम. तीनशे पिसं गोळा करा. का? तर टोपी मिळेल. अरे, टोपीच घालायची तर तीनशे पिसांचा फेरा कशाला? सुरुवातीला एक राजा हात उंचावून सांगतो की जग बुडायला आलंय, आत्ताच्या आत्ता नीघ. मी दहा दिवस रमतगमत हिंडले. परत आले तर तो तिथेच, हात वरच. जग बुडत असताना इतका सवडीचा राजा मी पाहिला नव्हता. सवडीचे मॅनेजर मात्र पुष्कळ पाहिले. आणि तुमची माणसं! गाव कोणतंही असो, लोहार असो की वैद्य, प्रत्येक जण म्हणतो, आज वारा गार आहे. कुठेही जायची मुभा दिलीत खरी, पण कुठेही गेलं तरी तेच असेल तर ती मुभा नव्हे. लांबलचक दावं आहे.

एक जागा मात्र मनापासून आवडली. डोंगराच्या वळणावर एक विहीर आहे. तिथे ठिपका नाही, पीस नाही, वाऱ्याबद्दल बोलणारं कोणी नाही. मी घोड्यावरून उतरून निवांत बसले. ती कोणी केली, त्याला माझी शाबासकी सांग.

प्रकृती बरी. तुझी कळव, आणि खरी कळव. लोभ आहे तो आहेच, त्याला पिसं गोळा करावी लागत नाहीत.

तुझी,
आत्या


२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या हाताखाली सहा जणांची तुकडी आहे. राजाचं ऐकून सगळे इतके हसले की शेजारच्या तुकडीने काचेवर टकटक केली. हसू पुष्कळ दिवसांनी ऐकलं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तुझी टीका खरी आहे, पण दुसरी बाजूही ऐक. ठिपके कमी केले की खेळणारे लिहितात, जग रिकामं आहे, पैसे परत द्या. डब्यावर शंभर तासांचा खेळ असं छापायचं असतं, आणि शंभर तास कुठून तरी आणावे लागतात. वारा गार असल्याचं वाक्य माझंच आहे. ते लिहिलं तेव्हा माझी नऊशे वाक्यं लिहून झाली होती. डोकं चालेना आणि समोर एसी सुरू होता.

विहिरीची शाबासकी कोणाला द्यावी हा पेच आहे. ती जागा आमच्या नकाशेवालीच्या वाट्याची. डोंगराचे उतार, वाटा, वळणं तीच आखते. त्या वळणावर लुटारूंचा तळ आणि चौदा पिसं यायची होती. पण ती पाठीच्या दुखण्याने तीन आठवडे अंथरुणात होती आणि जागा भरायची राहून गेली. म्हणजे तुला आवडली ती आमची चूक आहे.

आता खरी प्रकृती. सध्या या गेमचा दुसरा भाग करतोय. अकरा आठवडे झाले, एक रविवार मिळालेला नाही. मागच्या सोमवारी साहेबांनी बोलावून सांगितलं, नकाशा आणखी एक तृतीयांश वाढवायचा, तारीख तीच, माणसं तीच. विहिरीसारख्या मोकळ्या जागा शोधून भरायच्या. साहेब वाईट नाहीत, त्यांनाही वरून कोणी तरी हात उंचावून सांगतंय. तुकडीच्या वतीने हो की नाही ते एकतीस मार्चला मी कळवायचंय. मला वाटतं, हो म्हणून टाकावं. वाद घालायचा तर त्यालाही ताकद लागते.

ठकी बरी आहे असं तिची आई सांगते. मी निघतो तेव्हा ती झोपलेली असते, येतो तेव्हाही. वजन सहा किलो उतरलंय, आता ढब्बू म्हणणं म्हणजे निव्वळ टोमणा.

माया असू दे, आणि असाच कान धरत जा.

तुझा,
ढब्बू


६ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद, आणि उतरलेल्या सहा किलोंबद्दल वेगळी चिंता.

तुझ्या जगाच्या उत्तरेला तांब्याची खाण आहे. तिथल्या सरदाराने मला हुकूम केला की अमक्याचं डोकं आण. मी त्याच्याकडे पाठ फिरवली. आयुष्यभर कोणाची ताबेदारी केली नाही, ती आता सोफ्यावर बसून करू? मी सरळ खाणीच्या तोंडाशी गेले. बारा माणसं कुदळी मारत होती. सूर्य कलला होता. सवयच ती, मी गेटपाशी उभी राहिले. पाळी सुटली की माणसं बाहेर येतील, हात धुतील, दोन शब्द बोलतील. आमच्या वेळी सगळं खरं बोलणं तेवढ्या दहा मिनिटांत व्हायचं.

माणसं काही येईनात. सूर्य मावळला, उगवला, परत मावळला. बारा कुदळी चालूच. तिसऱ्यांदा सूर्य मावळला तेव्हा बसड्रायव्हर पेपर परत द्यायला आले होते. त्यांनी विचारलं की काय बघताय एवढं. मी पाटीवर लिहिलं, पाळी सुटायची वाट बघतेय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि डॉक्टरांची पुढची तारीख कधी आहे असं हळूच विचारलं.

हस तू. पण मला सांग, ही बारा माणसं राहतात कुठे? मी आसपासची चारही गावं पालथी घातली. घरं आहेत, दारं उघडत नाहीत. एवढं मोठं जग उभं केलंत, आणि बारा माणसांना घरी जायला वाट केली नाहीत?

साहेबाच्या मागणीबद्दल मी काही बोलत नाही. भाषणं फार केली. त्यातली निम्मी वाऱ्यावर गेली, उरलेली टाळ्यांवर. दमले आता. फक्त विचारते, तुझ्या सहा जणांना तू विचारलंस का?

हाताला ऊब आहे तोवर लिहीत राहीन.

आत्या


१५ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न.

घाईत आहे. खाणकामगारांना घरं नाहीत, कारण ती करायला वेळ नव्हता. ते घरी गेले असते तर संध्याकाळी खाणीवर येणाऱ्याला ती ओस दिसली असती, आणि ओस जागा चालत नाही. खाणही माझ्याच वाट्याची होती.

सहा जणांना विचारलेलं नाही. विचारायचं तर बैठक बोलवायची, प्रत्येकाचं गाऱ्हाणं ऐकायचं, त्यात एक दिवस जाणार आणि तो दिवस भरून काढावा लागणार. चार महिन्यांचाच प्रश्न आहे असं साहेबांनी तोंडभरून सांगितलंय. मी हो कळवणार आहे. रागावू नकोस, आणि उपदेशही नको. तुझे शब्द मला पाठ आहेत, अंगात त्राण तेवढं नाही.

औषधं वेळेवर घे.

ढब्बू


१९ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद.

उपदेश नाही. एक गोष्ट सांगायची आहे, ती मी सभेत कधी सांगितली नाही आणि घरातही नाही.

तुझे बाबा, माझा दादा, रंगाईच्या कारखान्यात होता हे तुला माहीत आहे. तिथे बारा तासांची पाळी लागली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. मालकाने ती कामगारांच्या माथी मारली असं सगळे समजतात. मीही तसंच समजू दिलं. खरं असं की बोलणी करायला कामगारांतर्फे मी गेले होते. चाळीस दिवस रोज गेटवर बोलत होते. घसा बसला होता, पाय सुजले होते. मॅनेजर म्हणाला, सहाच महिन्यांचा प्रश्न आहे. मी उठून सांगायला हवं होतं की आधी माणसांना विचारते. पण विचारायचं म्हणजे आणखी एक सभा. एक सभा, ढब्बू. सगळ्या पंचक्रोशीत जिच्या तोंडाला लागायला लोक भीत, ती बाई एका सभेला कंटाळली. मी सही केली.

सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली.

शाळेत तुम्हाला माझे बाबा या विषयावर चित्र काढायला सांगितलं होतं. तू एक पांघरूण काढलंस आणि त्यातून बाहेर आलेले दोन पाय. बाई हसल्या, वर्ग हसला, तू रडत घरी आलास. वहिनीने ते चित्र मला दाखवलं तेव्हा तीही हसत होती, आणि मी हसले. त्या दिवसानंतर मी ज्या ज्या सभेत मालकांना झोडपलं, त्या प्रत्येक सभेत मला ते दोन पाय दिसत होते. लोकांना वाटायचं, बाईच्या बोलण्यात केवढी आग आहे.

दादाला माझी सही ठाऊक होती. कागद त्याने पाहिला होता. कधी बोलला नाही. शेवटच्या आजारपणात एकदाच, मी उशी नीट करत असताना, म्हणाला, तू तरी काय करणार होतीस, दमली होतीस. याच्याइतकं जड मला आयुष्यात कोणी काही बोललं नाही.

तुला काय ठरवायचं ते ठरव. नाही म्हणून बघ असंही मी म्हणणार नाही. नाही म्हटल्याने काय पदरात पडतं ते मला चांगलं माहीत आहे. दमलेल्या माणसाचा होकार दुसऱ्यांना फेडावा लागतो, एवढंच.

या पत्रानंतर लोभ राहील का ते तू ठरव. मी मागत नाही.

आत्या


४ एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि दोन दिवस माझ्या डोक्यात राख होती. चित्र मला आठवतं. पायांना मी सहा सहा बोटं काढली होती, वर्ग त्यालाच हसला असं मी आजवर धरून चाललो होतो. बाबा तुला जे म्हणाले, ते मी म्हणणार नाही. त्यांचं मन मोठं होतं. माझं तेवढं नाही, निदान अजून तरी नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुकडीला विचारलं. चार जण नाही म्हणाले. एक हो म्हणाला, त्याचा करार जूनमध्ये संपतोय, त्याला कोणाला दुखवायचं नाही. नकाशेवालीने जेवणाचा डबा बंद केला, उघडला, परत बंद केला. मग म्हणाली, हे मला पहिल्यांदाच कोणी तरी विचारतंय. एवढ्या सगळ्याला पस्तीस मिनिटं लागली. मी ज्याला भीत होतो तो आख्खा दिवस.

एकतीसला साहेबांना नाही कळवलं. मी मनात भाषण जुळवून गेलो होतो, तुझीच दोन-तीन वाक्यं चोरली होती. ती वापरायची वेळच आली नाही. साहेब चिडले नाहीत. बरं म्हणाले, आणि ती वाढीव एक तृतीयांश दुसऱ्या शहरातल्या ऑफिसकडे पाठवून दिली. तिथेही सहा जण असतील, त्यांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. तुकडीचं प्रमुखपण माझ्याकडून काढून ज्याने हो म्हटलं होतं त्याला दिलंय. तो माझ्या नजरेला नजर देत नाही, बिचारा. तेव्हा आपण जिंकलो असं समजून पाटीवर घोषणा लिहू नकोस. आम्हाला रविवार मिळाला, आणि संध्याकाळी सहाला काम आटपून उठायची मुभा. बस्स.

काल साडेपाचलाच निघालो. रस्त्यात इतकं ऊन होतं की मला चुकल्यासारखं वाटलं. घरी आलो तर ठकी जमिनीवर ठोकळे मांडून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन आईला विचारलं की बाबांना बरं नाही का. आईने सांगितलं, बरं आहे. तरी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मी परत कधी जाणार, असं विचारलं. पाहुण्यांना विचारतात तसं, अगदी अदबीने. मी सांगितलं, उद्या सकाळी. तिला ते पटलं असावं. ती पुन्हा ठोकळ्यांपाशी जाऊन बसली. तिला तिची कामं होती, मला काही नव्हती, म्हणून मी तिथेच बसून राहिलो. खूप वेळाने तिने एक ठोकळा माझ्याकडे सरकवला, आणि कुठे ठेवायचा ते मात्र सांगितलं नाही.

लोभाचं तू माझ्यावर सोडलंस. मी अजून ठरवतोय, पण पत्राचं उत्तर आठवड्याच्या आत आलं पाहिजे.

तुझा,
ढब्बू