इराच्या सीटबद्दल, मंदारला

प्रिय मंदार,

इरा मदतीला जाते त्या प्राण्यांच्या क्लिनिकच्या पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत बसले आहे आणि तुला लिहिते आहे. उद्या सकाळी तिला त्या व्हेटरिनरी कॉलेजला 'हो' किंवा 'नाही' कळवायचं आहे. या विषयावर मला कडाकडा भांडायचं आहे, आणि त्यासाठी तुझ्याइतकं योग्य माणूस माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही. म्हणून हे पत्र.

तिला सीट मिळाली हे तुला कळलंच नाही. तू जानेवारीत गेलास, मेल मार्चमध्ये आला. हायस्कूल संपायच्या आधीच जनावरांच्या डॉक्टरकीची जागा पक्की! आधी तीन वर्षं साधं कॉलेज करायचं, मार्क टिकवायचे, मग थेट व्हेट स्कूल. पुन्हा अर्ज नाही, स्पर्धा नाही. फक्त मधेच मन बदललं तर जागा गेली.

ही स्कीम शोधून काढलीस तूच. सगळ्या अमेरिकेत तुला एवढी एकच गोष्ट आपल्या बारावीसारखी वाटली होती. इथली मुलं कॉलेजात जाऊनही 'अजून ठरवलं नाही' म्हणतात, ते ऐकलं की तू कपाळाला हात लावायचास. "एकदा लाइन ठरली की माणूस सुटतो," म्हणायचास. कोण सुटतं रे? तुझी लाइन बारावीलाच ठरली होती, आणि तू शेवटच्या आठवड्यातसुद्धा रात्री कामाचा फोन उशाशी घेऊन ऑन-कॉल होतास.

पण राबलास मात्र खूप. अर्जासाठी प्राण्यांबरोबर काम केल्याचे तास भरायला हवेत म्हणून दर शनिवारी तिला डेअरीवर घेऊन जायचास. तू पेठेतला माणूस, गाय पाहिलेली ती वसुबारसेच्या चित्रात! पांढरे शूज घालून कुंपणाबाहेर उभा राहायचास आणि इरा आतून ओरडायची, "बाबा, शी इज मोअर स्केअर्ड ऑफ यू!" मग दोघं शेणाच्या वासासकट इडली खायला जायचात. त्या हॉटेलात मला आता जाववत नाही.

मेल आला तेव्हा तुझ्या आईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आधी मंदारच्या फोटोपुढे ठेव." त्यांना दुसरं काय सुचणार? आपल्याकडे निकाल लागला की देवापुढे ठेवतात आणि घरातलं माणूस गेलेलं असलं की त्याच्या फोटोपुढे. मी मेल प्रिंट केला, पेढे मिळाले नाहीत म्हणून बर्फी आणली, सगळं मांडलं. "बाबांना नमस्कार कर," म्हटलं. इराने केला. झालं! त्या दुपारपासून ती जागा तिची राहिलीच नाही, तुझी झाली.

पुढे गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला इथल्या मराठी मंडळाने आम्हाला बोलावलं. तुला जाऊन वर्षही झालेलं नाही, माझं मन नव्हतं, पण अध्यक्ष सुनीताताई ऐकेनात. स्टेजवर इराला शाल, नारळ. माइकवर "मंदारचं स्वप्न त्याची लेक पूर्ण करणार," आणि सगळा हॉल उभा राहिला. बायका डोळे पुसत होत्या. इरा हसत होती. दातांना ब्रेसेस होत्या तेव्हा फोटोत कशी हसायची, आठवतं? ओठ मिटून. तसंच.

परत येताना गाडीत मी विचारलं, "काय झालं गं?"

"आई, आय डोन्ट नो इफ आय वॉन्ट धिस."

"मग नाही म्हण ना."

"कोणाला? आय कान्ट से नो टू अ फोटो."

सिग्नल हिरवा झाला होता, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं.

तिला प्राणी आवडेनासे झालेत असं नाही. मागच्या महिन्यात क्लिनिकमध्ये एका म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं होतं. त्याचं डोकं इराने मांडीवर घेतलं. घरी येऊन म्हणाली, "मी नीट केलं सगळं. डॉक्टर म्हणाल्या, यू आर अ नॅचरल. पण मला काहीच वाटलं नाही, आई. दॅट स्केअर्ड मी." सतरा वर्षांची पोर, बाप जाऊन महिने किती झालेत? आपल्याला काय वाटतंय हे तिला कसं कळणार? कदाचित ती फार चांगली डॉक्टर होईल. कदाचित तिला आत्ता फक्त रडायचं असेल. आणि तिच्याकडून पुढच्या सगळ्या वर्षांचं उत्तर हवं आहे, तेही उद्या सकाळी.

मी तर दोन्हीकडून अडकले आहे. 'घे' म्हटलं, तर तुझा फोटो तिच्या मानेवर बसवते. 'सोड' म्हटलं, तर तू तिच्यासाठी केलेली शेवटची गोष्ट मीच फेकून देते. बरं, गप्प बसावं, तर ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहते. काल भाजी चिरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर लगेच म्हणाली, "ओके, ओके, आय विल टेक इट." अरे, कांदा होता तो!

राग येतो तुझा. तू असतास तर ती तुझ्याशी भांडली असती, दारं आपटली असती, आठवडाभर तुमचा अबोला चालला असता आणि शेवटी तूच हरला असतास. तिच्यापुढे तू कायम हरायचास, आणि हरल्यावर खूशही असायचास. आता तुला हरताच येत नाही. तू जानेवारीत जे म्हणत होतास, तेच अजून म्हणतो आहेस. गेलेल्या माणसाचं मत कोणी बदलायचं, मंदार? मी समजूत घालायची तरी कोणाची?

इरा बाहेर आली. कपड्यांवर मांजराचे केस आहेत, ते झटकत दारातच उभी आहे. आता आवरते.

एक वचन देते तुला. उद्या ती जे कळवेल ते तिचं तिने कळवायचं, मी शेजारीसुद्धा बसणार नाही. आणि आज घरी जाताना तिला सांगणार आहे, बाबांना काय वाटलं असतं हे आपल्या घरात यापुढे कोणी विचारायचं नाही. आईंनी नाही, मंडळाने नाही, तिने नाही. मीही नाही.

मला ते फार जड जाणार आहे. सकाळी उठल्यापासून मी दुसरं काही विचारतच नाही.

तुझीच,
वैदेही