मेपल, आयरिस आणि तुझे यजमान

ती. मात्सुए ताईस,

शिगेनोचा नमस्कार. पत्राची सुरुवात हवेने करायची आपली रीत आहे, म्हणून हवेचं आधी उरकून टाकते: पाऊस पडतो आहे. चटयांना बुरशी आली आहे. तुझे गुडघे कसे आहेत? लेक आणि बाळ सुखरूप असतील. माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त रक्तदाब वाढला आहे, आणि त्याचं कारण आत्ता माझ्या ओसरीवर बसून चहा कोमट आहे म्हणून सुस्कारे टाकतं आहे. ताई, स्पष्टच लिहिते. तुझ्या यजमानांना घेऊन जा, नाहीतर अंगणातला माझा मेपल हातचा जाईल.

तू त्यांना घराबाहेर काढलंस याबद्दल मी तुला अजिबात नावं ठेवत नाही. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि घरातली एकुलती एक मोठी खोली सोनेरी पडदा उभारून आयरिसच्या कुंड्यांसाठी अडवून ठेवायची, वर "बाळ काय, कोपऱ्यातही झोपेल, फुलाला मात्र पाठीमागे सोनं लागतं" असं म्हणायचं, म्हणजे कोणाचंही डोकं फिरेल. या घरात कुंड्या राहतील नाहीतर मी, असं तू म्हणालीस तेही योग्यच. फक्त पर्याय देण्याआधी तुझा नवरा काय निवडेल याचा अंदाज इतक्या वर्षांच्या संसारात तुला यायला हवा होता. भावोजी टॅक्सीतून उतरले ते मांडीवर एक कुंडी आणि दोन्ही बगलांत एकेक घेऊन. बाकीच्या कुंड्या मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवल्या होत्या. कपडे आणायला विसरले. (सध्या ते माझ्या ह्यांचे, तोकुजींचे, जपून ठेवलेले सदरे घालतात. बाह्या आखूड होतात म्हणून कुरकुर करतात.)

फुलं उमलली तेव्हाचं तर विचारूच नकोस. पडदा तू दिला नाहीस, म्हणून माझ्या लग्नातल्या किमोनोचा रुंद सोनेरी पट्टा दोन बांबूंवर ताणला. मग जो दारात येईल त्याला धरून टाचांवर बसवायचं, नजर फुलाच्या उंचीवर, बोलायचं नाही, खोकायचं नाही. तोफूवाला बसला, त्याचा तोफू आंबला. शेजारच्या सोनोदाबाई मीठ मागायला आल्या होत्या, त्यांचे पाय इतके बधिर झाले की उठताना पडदा, म्हणजे माझा पट्टा, धरूनच उठल्या. त्यावर भावोजी काय म्हणाले असतील? "फुलाला धक्का नाही ना लागला?" सोनोदाबाई तेव्हापासून मीठ दुसरीकडून आणतात.

असो. खरा उच्छाद फुलं सरल्यावर सुरू झाला. आयरिसचे गड्डे फुलं सरली की उपटायचे, फोडायचे आणि नव्या मातीत लावायचे असतात, नाहीतर ते रुसतात. एकाचे चार झाले आणि कुंड्या संपल्या. आता ऊन येतं अशी माझ्या अंगणात एकच जागा, आणि तिथे माझी वांगी आहेत. वांगी मी देणार नाही म्हणाले. जास्तीचे गड्डे कोणाला तरी द्या म्हटलं, तर ते चालत नाही. त्यांच्या आयरिस मंडळाची शपथ आहे ना, गड्डा सभासदाबाहेर जाता कामा नये, मग समोर सख्खा भाऊ असो की बायको. (तू नवी नवरी असताना तो जांभळ्या फुलाचा गड्डा मागितला होतास आणि यांनी तुला नियमावली वाचून दाखवली, हे मला तू सांगितलंस. दर नवीन वर्षाला सांगतेस.) तेव्हा मी बाजारात गेले असताना त्यांनी नळाची रबरी नळी पोचते तिथे, म्हणजे थेट मेपलच्या बुंध्याभोवती, खड्डा खणला, बांध घातला, पाणी सोडलं आणि भाताच्या रोपांसारखे गड्डे लावून टाकले.

एवढ्यावर थांबले असते तर मी फक्त आठवडाभर अबोला धरला असता. पण मेपलखाली सावली, आणि आयरिसला हवं दिवसभर ऊन. म्हणून या गृहस्थांनी तोकुजींच्याच करवतीने तोकुजींचीच फांदी कापली. कुठली ते तुला माहीत आहे. ओसरीवर झुकावी म्हणून त्यांनी काथ्याने बांधून, दर हिवाळ्यात गाठ थोडी थोडी सरकवून वळवलेली ती. ते गेल्यावर मी गाठ सरकवत होते. मेपलची फांदी पानं झडल्यावर कापतात हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. भर पावसाळ्यात कापलं की जखम कुजते. भावोजींना विचारलं, तर म्हणाले, "झाडाला काय, दुसरी फुटेल."

तेव्हा मी बोलले, ताई. रागात होते, भरभरून बोलले. म्हटलं, मेपलला काय लागतं ते ऐका एकदा. पाय कोरडे, दुपारची सावली, आणि कोणी शहाणपणा न करणं. बास. खत घातलं नाही तर बोलत नाही, वर्षाला वीतभर वाढतो आणि कौतुक करा म्हणत नाही. आणि तुमची आयरिस? फुलताना पाय पाण्यात, फुलून झाल्यावर श्रमपरिहार म्हणून खत, डोक्यावर ऊन, पाठीमागे सोनं, समोर टाचांवर बसलेली माणसं, आणि दोन-तीन वर्षांनी उपटून ढुंगणावर चापट मारून नव्या जागी बसवलं नाही तर फुगून बसणार. माझ्या बहिणीने एवढी वर्षं नेमकी हीच मशागत केली, फक्त कुंडीची नाही. आणि हा मेपल दर शरद ऋतूत बिया साऱ्या गल्लीत उडवतो, कोणाचा सभासद क्रमांक विचारत नाही. तुमचा एक गड्डा उभ्या आयुष्यात बायकोच्या हातापर्यंत पोचला नाही.

त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा मागितला नाही. मेपलची पानं टोकांना तपकिरी व्हायला लागली होती. पावसाळ्यात पानं करपणं म्हणजे खाली मुळं गुदमरताहेत. मी बाहेर उभी राहून रडले, आणि ते त्यांनी पाहिलं याचा मला अजून राग आहे.

दुसऱ्या दिवशी बघते तर बांध फोडलेला, पाणी चर खणून वाटेकडे काढलेलं, आणि भावोजी गुडघाभर चिखलात बसून गड्डे एकेक करून बादल्यांत भरताहेत. माझी भाताची हंडीसुद्धा गुंतली आहे. मेपलच्या जखमेला मेणाचा लेप लावला, तोही खडबडीत. सोनोदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्या भावोजींना बरं नाही का?" मी म्हटलं, तसंच दिसतंय.

तर असा हा माणूस. आळशी नाही, पण उपयोगाचाही नाही. कळावे. बाळाच्या पायाला माझा पापा.

तुझी धाकटी,
शिगेनो

ता. क. न्यायला तू स्वतः ये. एकटे पाठवले तर रस्त्यात कुठली तरी रोपवाटिका लागेल आणि ते तिथेच मुक्काम करतील. मोठी खोली बाळाचीच राहील हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. कुंड्या न्हाणीघरामागे ठेवतील.

ता. क. मेपलला काल कापलेल्या जागेच्या खाली लालसर कोंब दिसला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, पण मी त्यांना दाखवलेला नाही. तू आलीस तरी दाखवू नकोस.

ता. क. सोबतच्या पुडक्यात लोणचं आहे असं वर लिहिलं आहे. लोणचं नाही. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो जांभळा आहे, लगेच लाव, ऊन येतं तिथे. आज सकाळी त्यांनी विचारलं, ओली वस्तू टपालाने जाते का. मग म्हणाले, मी पाठ करून बसतो, तू काय चोरायचं ते चोर, मला शपथ आहे. पाठ करून बसले. गुंडाळून, दोरी बांधून, वर तुझा पत्ता लिहून ठेवलेला होताच. तेव्हा मी चोरला. कोणीही विचारलं तरी हेच सांग, आणि त्यांनी विचारलं तर जरा रागावूनच सांग.