तोफेची सही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपणाला बळी पडण्याची सवय असती तर मी विभागप्रमुख होऊन निवृत्त झाले असते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो कोणी दिला ते पुढे येईलच. धाकट्या भावाने वाचताना खुर्चीला धरून बसावे.

माझ्यामागे हे मृत्युपत्र मोडीत काढायचा बेत घरात शिजतो आहे, हे मला ठाऊक आहे. भाच्याने परवा तोंडावरच विचारले, "आत्या, साक्षीदार म्हणून तुला तुझ्या वॉर्डातलीच बाई सापडली? कोर्टात दोन मिनिटं टिकायचं नाही हे." टिकते की नाही ते बघू. म्हणून तर सविस्तर लिहिते आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे माझे राहते घर मी इथे दर गुरुवारी जमणाऱ्या मंडळींच्या संस्थेला देते. ही मंडळी माझे जुने रुग्ण. यांना ताप येत नाही, भास होत नाहीत. हे माणूस जोडतात आणि तो सोडून जाईल या धास्तीने स्वतःच त्याला हाकलून लावतात. सकाळी डॉक्टर देव, संध्याकाळी तोच कसाई. शास्त्रात याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. आमच्या वॉर्डात 'नाटकं' म्हणत.

माझे वरिष्ठ, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी मला पहिल्याच वर्षी सुनावले होते, "हा आजार नाही, स्वभाव आहे. आणि स्वभावाला औषध नसतं, बाई." मी ऐकले नाही. त्याच माणसांना वर्षानुवर्षे भेटत राहिले. कोण कामाला लागले, कोणाचा संसार टिकला, कोणी हातावर ब्लेड चालवणे थांबवले, सगळे तपासले. बहुतेक जण सावरले होते. शोधनिबंध परत आला. शेरा होता की असे रुग्ण स्वतःबद्दल खोटे सांगतात, त्यांच्या शब्दावर संशोधन उभे राहत नाही. तो शेरा मला आजही पाठ आहे.

कलम २. बैठकीतला सोफा धाकट्या भावाला. त्यावर बसून तो आयुष्यभर मला विचारत आला, "ताई, साधे पेशंट का नाही बघत तू?" आता बसून उत्तर शोधावे. बँकेतली शिल्लक भाच्याच्या मुलीला, कारण घरात ती एकटीच माझ्याशी कडाकडा भांडते आणि मग जेवायला थांबते. भाच्याला माझी छत्री. ती उघडत नाही.

कलम ३. टेबलावरचा तडा गेलेला काचेचा पेपरवेट मी मोठ्या डॉक्टरांना आताच देऊन टाकला आहे, तो या मृत्युपत्रात धरू नये. तो त्यांनी ओळखला असेलच. एका पोरसवदा मुलीने तो त्यांच्या दिशेने भिरकावला होता आणि त्यांनी तिच्या केसपेपरवर लिहिले होते, 'उपचार व्यर्थ. बोलण्यावर विश्वास ठेवू नये.' वॉर्डात तिचे नाव पडले तोफ. आज तोफ लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जातो, पण तिचे शिष्य सिग्नल तोडत नाहीत.

कलम ४. या घराची मागची खोली मी तोफेच्या नावे तहहयात ठेवली होती. तिला स्वतःचे असे छप्पर कधीच नव्हते. हे कलम आता रद्द. कारण असे की, शेजारचे गृहस्थ साक्षीदार होणार होते, त्यांना भावाचा फोन गेला आणि त्यांची कंबर धरली. तोफ म्हणाली, "मी करते सही."

हे मृत्युपत्र करून देणाऱ्या वकिलीणबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. खोली घ्या, नाहीतर सही करा."

"खोल्या काय, भाड्याने मिळतात," तोफ म्हणाली. "साक्षीला मला आजवर कुणी बोलावलंय का? माझ्याबद्दलचंच माझं खरं कुणी धरलं नाही, तर दुसऱ्याबद्दलचं काय धरणार! आणा ते पेन."

मी समजावले. रागावले. दुसरा साक्षीदार शोधते म्हणाले. ती ऐकेल तर शपथ. रुग्णासमोर रडू नये असे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले. त्या दिवशी मला रडू आले, आणि मी ते आवरले नाही.

कलम ५. कोर्टात प्रकरण गेलेच तर तोफेला पिंजऱ्यात उभे करून हवे ते विचारा. ती भडकेल. भडकू द्या. भडकणारा माणूस खोटारडा असतो असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? माझ्या शोकसभेत मात्र 'बाईंनी रुग्णांवर माया केली' असे कोणी बोलायचे नाही. मी संशोधन केले. माया केली तो माझा खाजगी मामला.

आता दाखला. तो घ्यायला मी स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे गेले, कारण ते माझ्या बाजूचे आहेत असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. त्यांनी वार विचारला, वजाबाक्या करायला लावल्या. शेवटी म्हणाले, "तुमचं संशोधन बरोबर होतं असं अजून वाटतं?"

"वाटत नाही. होतंच."

"हा भ्रम नाही, हट्ट आहे," ते म्हणाले. "आणि स्वभावाला औषध नसतं, बाई." मग दाखला लिहून दिला, आणि काठी टेकत माझा जिना चढून साक्षीलाही आले.

याउपर मला काही बदलायचे नाही. अंमलबजावणी वकिलीणबाईंनी करावी आणि भावाचे फोन उचलू नयेत.

ठिकाण : माझे स्वयंपाकघर, टेबलाची खिडकीकडची बाजू.
दिनांक : शिक्क्यावर आहे तोच.
सही : मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार पहिले, निवृत्त विभागप्रमुख, स्वहस्ते : बाईंनी माझ्यादेखत सही केली. दुसऱ्या साक्षीदार माझ्या जुन्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा.

साक्षीदार दुसरी, ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण, स्वहस्ते : मी समोरच होते. बाई पूर्ण शुद्धीत होत्या. मोठे डॉक्टरसुद्धा.