जुन्या डब्याला नवं कार्ड

सोमवार, ३ नोव्हेंबर

स्टिअरिंग आलं! आमच्या इंद्रजीतनं पुण्याहून पाठवलं, गेम खेळायचं. मित्राचं वापरलेलं, पण क्लच-ब्रेकसकट. इंद्रजीतच्या कॉलेजच्या दिवसांतल्या, घरी पडलेल्या जुन्या डेस्कटॉपला जोडलं, बस चालवायचा गेम लावला आणि ह्यांना खुर्चीत बसवलं.

एकोणतीस वर्षं एसटी चालवली ह्यांनी. काचबिंदूनं बाजूचं दिसेना, तेव्हा स्टिअरिंगवरून उतरवलं. त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून बोलणं नाही, कुणाकडे जाणं नाही.

पहिला गिअर टाकला आणि चित्र थांबलं. मग एकदम बस झाडात! हे उठले. "ही गाडी पासिंग होणार न्हाय," म्हणाले आणि गच्चीवर गेले.

मला मात्र बरं वाटलं. एवढं लांब वाक्य किती दिवसांनी ऐकलं!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

इंद्रजीत म्हणतो, "आई, त्यात ग्राफिक्स कार्डच नाहीये. ते टाकलं की चित्र पळेल." कुठलं टाकू? तर म्हणे कॅबिनेटची आतून लांबी मोज, पॉवर सप्लायवरचे वॅट बघ. ब्लाउज शिवणारीला माप घ्यायला शिकवतोय!

झाकण काढलं. मूठभर धूळ, एक मेलेलं झुरळ आणि माझी हरवलेली बॉबीन. लांबी साडेनऊ इंच. तीनशे वॅट.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मालक अनिलकुमार. "मुलासाठी का, मॅडम?" "नवऱ्यासाठी," म्हटलं.

पहिलं दाखवलं ते तीन पंख्यांचं. टेप लावली — बारा इंच! शिवाय त्याला वेगळी वायर लागते, तीनशे वॅटवर भागत नाही. म्हणजे घोड्यासाठी तबेलाही बांधा. दुसरं वापरलेलं, स्वस्त. "रातंदिन राबलेलं हाय, खोटं कशाला सांगू," म्हणाले. नको! एक दमलेला जीव घरात आहेच. तिसरं आखूड, ३०५० नावाचं मॉडेल, सहा जीबीचं. वेगळी वायर नको, खाचेतूनच करंट घेतं. झेपेल तेवढंच मागणारं. हेच आवडलं.

तरी म्हटलं सोमवारी सांगते. लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हता.

सोमवार, १० नोव्हेंबर

घेतलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

इंद्रजीतला व्हिडिओ कॉलवर धरून कार्ड स्वतः बसवलं! खट्ट आवाज आला. पंखा फिरला. गेम लावला — तेच झटके. तीच बस, तेच झाड.

रडूच आलं. वाटलं होतं, एवढं चालू होऊ दे, म्हणजे हे परत माणसांत येतील.

बुधवार, १२ नोव्हेंबर

कार्ड परत करायला निघाले होते. हे म्हणाले, "थांब जरा." गुडघ्यावर बसले, बॅटरी घेऊन डब्यामागं वाकले. आणि हसले! "अगं, नवं इंजिन बसवलंस अन् पट्टा जुन्याच इंजिनाला ठेवलास की!"

मॉनिटरची वायर मी जुन्याच भोकात ठेवली होती. ह्यांनी काढून कार्डात खोचली. बस अशी निघाली की काय सांगू! आरशात मागची गाडीसुद्धा दिसत होती. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या. इंद्रजीतला सांगितलं, तर तो म्हणतो, "सॉरी आई, माझ्याही लक्षात नाही आलं." इंजिनिअर कुठला!

रविवार, १६ नोव्हेंबर

चार दिवस चालवली. आज म्हणाले, "गाडी चांगली हाय, पण हिला वजन न्हाय. मजा न्हाय येत." म्हटलं, झालं, परत गच्चीवर. तर म्हणतात, "तू बस."

मी! दारातल्या आमच्या कारच्या स्टिअरिंगला आजवर हात लावू दिला नाही ह्यांनी. बसले. "क्लच हळू सोड... हळू! मागं परवासी पडलं की!" सात वेळा बस बंद पाडली. आठव्यांदा निघाली. दोघंही ओरडलो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ब्लाउज साठलेत. रोज तासभर बस चालवते. हे शेजारी स्टूल टाकून बसतात, नाहीतर स्वयंपाकघरातून ओरडतात, "आरसा बघितलास का?" आज कुठंही न घासता डेपोत लावली. "बरी लावलीस," म्हणाले. एकोणतीस वर्षांत ह्यांनी कंडक्टरचंही कौतुक केलं नव्हतं.

सोमवार, १ डिसेंबर

लर्निंग लायसन्सचा अर्ज भरला. टाइप ह्यांनी केला. नाव माझं.