पाटी काढणाऱ्याच्या बहिणीचे दुसरे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, लिफ्ट दुरुस्त करणारी बाई, वय एकसष्ट (मेले त्या दिवशी एवढे होते, पुढचे मी मोजलेले नाही), पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली न येता आणि कुणाच्या लाडीगोडीला न भुलता, हे दुसरे मृत्युपत्र करून ठेवत आहे. पहिले मी पहिल्या मरणाआधी केले होते. ते याद्वारे रद्द करते. त्यात माझ्या माणसांबद्दल जे चार गोड शब्द लिहिले होते तेही रद्द समजावेत.

१. मी परतीची आहे. मेल्यानंतर काही कामासाठी पुन्हा खाली पाठवलेल्या माणसाला या शहरात नव्वद दिवस मिळतात आणि तेवढ्या दिवसांपुरती त्याची मालमत्ता परत त्याच्या नावावर होते. हा कायदा ज्याने केला, त्याने परत येऊन स्वतःचे घर पाहिलेले नसावे. मी पाहिले. दोन वर्षांनी मी बेल वाजवली तर दार उघडले माझ्या भावजयीने, अंगात माझा गाऊन, हातात माझा दात घासायचा ब्रश. त्याने ती शेगडीच्या कडा घासत होती. म्हणाली, ताई, आधी फोन तरी करायचा. आत माझ्या पलंगावर त्यांचा कुत्रा लोळत होता. माझा फोटो फ्रिजच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला, आणि त्याच्या चौकटीत झुरळांनी संसार मांडलेला. मेल्यावर ओकारी येत नसेल असा माझा समज होता, पण तसे काही नाही.

२. माझे राहते घर, दोन खोल्या आणि मागची गॅलरी, मी माझ्या धाकट्या भावाला देते. अट एकच: कलम पाचमध्ये सांगितलेली वस्तू त्याने माझ्या हातात द्यावी. त्याने ती दिली नाही, किंवा कोणत्याही कारणाने कायद्याने त्याला हे घर घेता आले नाही, तर ते समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला मिळावे. मी मेले तेव्हा चौकशीला आलेल्या साहेबांसमोर "पाटी कुणी काढली?" असे तिने एकटीने विचारले होते. बाकीचे सगळे चहा पीत होते. तिला तेव्हा गप्प बसवण्यात आले.

३. बँकेत जी काही ठेव उरली आहे ती भावजयीला द्यावी. प्रेमापोटी नाही. तिने नवा गाऊन आणि नवा ब्रश घ्यावा, आणि माझा गाऊन जाळून टाकावा. मी तो परत मागितलेला नाही, कारण त्याला आता कुत्र्याचा वास येतो.

४. माझे पान्हे, पकडी, टेस्टर आणि ग्रीसचा पंप लिफ्टचे काम शिकवणाऱ्या वर्गाला द्यावेत. मोठा पान्हा सध्या डळमळत्या टेबलाच्या पायाखाली आहे, तो आठवणीने काढून घ्यावा. त्याबरोबर कोऱ्या पाट्यांचा गठ्ठाही द्यावा. या पाट्यांबद्दल इथेच लिहिते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी आम्ही मेन स्विच बंद करतो, 'आत माणूस आहे' असे छापलेल्या पुठ्ठ्यावर वर आणि खाली दोनदा सही करतो, आणि तो मधून फाडतो. वरचा अर्धा स्विचवर अडकवायचा, खालचा खिशात ठेवायचा. काम संपले की त्याच माणसाने आपला अर्धा आणून जोडायचा आणि पाटी काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग मालक येवो की मंत्री. आम्हा दोघा भावंडांना हे वडिलांनी शिकवले. अक्षरओळख नंतर झाली.

५. आता त्या वस्तूबद्दल. मेल्यावर माणूस सरळ वर जात नाही, आधी मधल्या हॉलमध्ये बसतो. तिथे काही दिव्य असेल अशी ज्यांची कल्पना आहे त्यांनी ती सोडून द्यावी. चिकट बाकडी आहेत, कोपऱ्यांत थुंकलेले आहे, पाण्याच्या टाकीला साखळीने बांधलेला एकच मग आहे आणि त्याच्या कडेवर सगळ्यांच्या ओठांचे थर आहेत. खिडकीतला कारकून दिवसभर नखे कापतो आणि आपल्याच फायलींवर झाडतो. वर जायला एकच लिफ्ट आहे. ती नऊ वर्षे बंद आहे, आणि नऊ वर्षांतले सगळे मेलेले त्या हॉलमध्ये एकमेकांच्या अंगावर बसलेले आहेत.

लिफ्ट बिघडलेली नाही. स्विचवर पाटी आहे, आणि तिच्यावर माझ्या भावाची सही आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याचे हृदय आठ मिनिटे बंद पडले होते, तेव्हा तो त्या हॉलमध्ये जाऊन आला. लिफ्टचे दार उघडलेले पाहून त्याची पाचावर धारण बसली आणि वर जायला लागू नये म्हणून त्याने स्विच बंद करून खिशातली पाटी अडकवली. तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला खाली ओढले. अर्धी पाटी मुठीतच राहिली. ती तो तेव्हापासून पाकिटात बाळगतो आहे आणि एक शब्द बोललेला नाही.

स्विचपाशी स्टुलावर माझे वडील बसलेले असतात. भाऊ वाचला त्यानंतर पंधरा दिवसांनी ते गेले. हॉलमध्ये पोचले तर मुलाच्या सहीची पाटी दिसली. तेव्हापासून ते कुणाला तिथे फिरकू देत नाहीत. मी त्यांना सांगितले की तो खाली जिवंत आहे, खड्ड्यात कुणी नाही.

"तू वाकून पाहिलंस?" त्यांनी विचारले.

मी नाही म्हटले. दार बंद होते, पाहणार कुठून?

"मग पाटी राहील. माझा मुलगा उगाच पाटी लावत नाही."

कारकुनानेही हात वर केले, अर्धी पाटी आणा म्हणाला, आणि मला खाली पाठवले. वडिलांना त्या स्टुलावरून उठवायचे, या एकाच कामासाठी मी आले आहे.

६. माझ्या पहिल्या मरणाबद्दल कागदोपत्री 'मृत व्यक्तीचा हलगर्जीपणा' असे लिहिले आहे. ते खोटे आहे. मी पाटी लावली होती. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, इमारतीचा मॅनेजर लिफ्ट का बंद म्हणून ओरडत आला. माझ्या भावाला वाटले की मी चहाला गेले असेन. त्याने माझी पाटी काढली आणि स्विच चालू केला. मी खड्ड्यात होते. नंतर त्याने ती अर्धी पाटी खिशात घातली आणि चौकशीत सांगितले की पाटी लावलेलीच नव्हती. माझ्या खिशातला अर्धा कुणी शोधलाच नाही. त्याच्या हातून चूक झाली, ती मी एक वेळ समजू शकते. पण तो माझ्या चितेपाशी उभा राहून "ताई जरा घाईची होती" असे लोकांना सांगत होता, ते मी हॉलमध्ये नव्याने आलेल्या एका शेजाऱ्याकडून ऐकले. त्याची मला जी किळस आली ती त्या मगाचीही आली नव्हती.

७. हे कलम आज आत्ता, वकीलबाईंच्या ऑफिसात बसून वाढवत आहे.

ऐंशी दिवस भावाने मला टोलवले. आधी म्हणाला पाटी सापडत नाही, मग म्हणाला घर आधी नावावर कर. त्याच्या डोळ्यासमोर फक्त एक गोष्ट होती: लिफ्ट चालू झाली की कधीतरी आपल्यालाही वर जाऊन उत्तर द्यावे लागेल. आज शेवटी आला, खुर्चीच्या टोकावर बसला, वरची पाच कलमे ऐकून घेतली. पाचव्याला त्याने मान खाली घातली, कारण वडील तिथे बसलेत हे त्याला माहीत नव्हते. मी ते मुद्दाम सांगितले नव्हते. तो त्याचाही भाव लावेल अशी माझी खात्री होती, एवढे माझे मन विटले आहे. सहावे ऐकल्यावर तो म्हणाला, पाटी देतो, पण हे कलम काढ, बायको वाचेल.

खरे सांगते, मी काढणार होते. वकीलबाईंना पेन उचलायलाही सांगितले. वडील त्या घाणीत बसलेले असताना माझ्या नावाला कोण विचारतो? फक्त जाता जाता त्याला एक गोष्ट सांगितली. मी हॉलमध्ये पोचले तेव्हा वडिलांनी विचारले होते, कशी मेलीस? मी म्हटले, खड्ड्यात. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाटी लावली नसशील. धाकट्याकडून शिकायचं होतंस."

"मग तू काय म्हणालीस?" भावाने विचारले.

"काही नाही. अजून तेच समजतात ते."

मग त्याने पाकीट काढले आणि एक सोडून दोन अर्ध्या पाट्या टेबलावर ठेवल्या. एक त्याच्या सहीची. दुसरी माझ्या सहीची, स्विचवरून काढलेली. वकीलबाईंना विचारले, मला साक्षीदार होता येईल का? त्या म्हणाल्या, येईल, पण साक्षीदाराला या कागदातून काहीच मिळत नाही, घर शिवणवाल्या बाईंना जाईल.

"जाऊ दे. सहावं कलम राहू दे," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, हा कागद वर ने. बाबांना वाचून दाखव."

मी त्याला माफ केलेले नाही. त्याने पुढे केलेला हात मी धरला नाही, तो घामाने ओला होता. या मृत्युपत्राच्या दोन प्रती आहेत. एक वकीलबाईंकडे राहील, दुसरी दोन्ही अर्ध्या पाट्यांसह माझ्याबरोबर येईल. दोन वर्षे मला वडिलांना हेच सांगायचे होते. आता सांगायची वेळ आली तर नकोसे वाटते आहे, कारण ते स्टुलावरून उठतील आणि त्यांचा मुलगा त्यांना उरणार नाही. तरी वाचणार आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, आणि खालच्या दोघांच्या देखत मी सही केली आहे.

लिहून देणार: लिफ्ट दुरुस्त करणारी, मोठी बहीण. (सही)

साक्षीदार पहिला: गल्लीतला न्हावी. याला काही दिलेले नाही. तासभर दुकान बंद ठेवून आला म्हणून आभार. (सही)

ठिकाण: वकीलबाईंचे ऑफिस, जिना चढून डावीकडे.

दिनांक: परतीचा एक्क्याऐंशीवा दिवस, मंगळवार, दुपारी साडेबारा.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. बाबा, ताईने पाटी लावली होती. मी काढली. (सही)